लेलंडला घर घेण्यापूर्वी : केप फिअरच्या पलीकडचा हिशेब

ब्रन्सविक म्हटले की न्यू जर्सीतील मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर रटगर्स विद्यापीठाचे न्यू ब्रन्सविक येते. फार तर त्याला लागून असलेले नॉर्थ ब्रन्सविक आणि तिथली भारतीय वाणसामानाची दुकाने. गेल्या काही वर्षांत मात्र घरांच्या जाहिराती चाळणाऱ्यांच्या फोनवर एक निराळेच ब्रन्सविक येऊ लागले आहे. ही नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या दक्षिण टोकाची ब्रन्सविक काउंटी. तिच्या उत्तर भागात, विल्मिंग्टन शहरासमोर, केप फिअर नदीच्या पश्चिमेला लेलंड नावाचे गाव आहे. चार शयनगृहे, दोन गाड्यांचे गॅरेज, मागे तळे, पाऊण तासाच्या आत समुद्र आणि किंमत साधारण चार लाख डॉलरच्या आगेमागे. एडिसनमध्ये एवढ्या पैशात जे मिळते ते पाहून आलेल्या माणसाला ही जाहिरात खरी वाटत नाही.

जाहिरात खरी असते. तिच्यात जे लिहिलेले नसते त्याबद्दल हा लेख आहे.

इ. स. २००० च्या जनगणनेत लेलंडची लोकसंख्या दोन हजारांनाही पोहोचली नव्हती; ती १,९३८ होती. २०१० मध्ये ती १३,५२७ झाली आणि २०२० मध्ये २२,९०८. याच दहा वर्षांत संपूर्ण काउंटीची लोकसंख्या १,०७,४३१ वरून १,३६,६९३ वर गेली, आणि त्यानंतरच्या अंदाजांत तिने दीड लाखाचा टप्पा मागे टाकला आहे. ही वाढ प्रामुख्याने बाहेरून आलेल्यांची आहे. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया या राज्यांतून निवृत्तीनंतर उबदार हवेच्या शोधात निघालेली जोडपी फ्लॉरिडापर्यंत न जाता इथेच थांबू लागली. काउंटीतील जवळजवळ एक तृतीयांश रहिवासी ६५ वर्षांवरील आहेत. घरून काम करण्याची सोय रुळल्यावर त्यांच्या मागोमाग तरुण नोकरदारही आले. विल्मिंग्टनमध्ये स्वतःचा म्हणावा असा व्यवसायविस्तार आहेच: बँकांसाठी संगणकप्रणाली करणारी एनसिनो, लाइव्ह ओक बँक, औषधचाचण्यांच्या क्षेत्रातील पीपीडी, कॉर्निंगचा प्रकाशतंतूंचा कारखाना, जीईचा अणुइंधन विभाग. यादी चांगली आहे, पण छोटी आहे. येथील नोकरी गेली तर तशीच दुसरी नोकरी त्याच गावात मिळेल असे मध्य जर्सीत गृहीत धरता येते; इथे येत नाही.

घरे स्वस्त का, या प्रश्नाचे साधे उत्तर जमिनीत आहे. ब्रन्सविक काउंटीची बरीचशी भूमी सपाट, वालुकामय आणि मुळात दलदलीची. ग्रीन स्वॅम्प हे विस्तीर्ण पाणथळ जंगल याच काउंटीत आहे, आणि कीटक पकडून खाणारी व्हीनस फ्लायट्रॅप ही वनस्पती जगात नैसर्गिकरीत्या फक्त विल्मिंग्टनच्या आसपासच्या पट्ट्यातच उगवते. निकस, पाणी साचणाऱ्या मातीतून नायट्रोजन मिळत नाही म्हणून ती माशा खाते. जिथे ही वनस्पती सुखाने वाढते तिथल्या जमिनीचा स्वभाव काय असेल, हे कोकणात भातखाचरे पाहिलेल्या वाचकाला सांगायला नको. अशी जमीन मोठ्या तुकड्यांत आणि स्वस्तात मिळाली. विकासकांनी पाइनची वने तोडली, तळी खोदली, त्या मातीने भूखंड उचलून घेतले आणि त्यावर वसाहती उभ्या केल्या. जाहिरातीतील घरामागचे रमणीय तळे हे बहुतेक वेळा पावसाचे पाणी साठवण्यासाठी राज्याच्या परवान्याने खोदलेले असते. (त्यात मगरीच्या कुळातील ॲलिगेटर येऊन राहतात, ते वसाहतीच्या माहितीपत्रकात नसते.) विकासक निघून गेला की त्या तळ्याच्या देखभालीची जबाबदारी रहिवाशांच्या संघटनेकडे, म्हणजे एचओएकडे येते. गाळ उपसणे, काठ सावरणे, निचऱ्याची नळी बदलणे हा खर्च मग प्रत्येक घराच्या वर्गणीतून निघतो.

पाण्याचे हे प्रकरण नीट समजून घेतले पाहिजे, कारण येथील खऱ्या खर्चाचे मूळ त्यातच आहे.

आपल्या दिनदर्शिकेत सप्टेंबर हा ओसरत्या पावसाचा महिना. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात, त्यानंतर खवळलेला दर्या निवतो, होड्या बाहेर पडतात. कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर हे गणित नेमके उलटे आहे. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानतात आणि त्याचा कळस १० सप्टेंबरच्या सुमारास असतो. २०२० ची नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला होती; त्याच रात्री इसायास चक्रीवादळ ब्रन्सविक काउंटीतील ओशन आइल बीचवर येऊन धडकले. २०१८ मध्ये गणेश चतुर्थी १३ सप्टेंबरला होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लॉरेन्स वादळ विल्मिंग्टनजवळच्या राइट्सव्हिल बीचपाशी जमिनीवर आले. २०२४ च्या अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, १६ सप्टेंबरला, आणखी एक प्रणाली आली. तिच्याकडे पुढे वळू.

फ्लॉरेन्स हे वाऱ्याच्या मोजपट्टीवर पहिल्या, म्हणजे सर्वांत सौम्य श्रेणीचे वादळ होते. ‘पहिल्याच श्रेणीचे आहे’ हे ऐकून निर्धास्त होणाऱ्यांना त्याने धडा दिला. ते पुढे सरकेचना. चार दिवसांत विल्मिंग्टनवर सुमारे दोन फूट पाऊस पडला. आत एलिझाबेथटाउनला जवळजवळ ३६ इंच पडून राज्याचा उच्चांक झाला. आंतरराज्य महामार्ग ४० आणि ९५ पाण्याखाली गेले आणि विल्मिंग्टन काही दिवस बेटच झाले. अन्नपाणी आणण्यासाठीही रस्ता उरला नाही. लेलंडमध्ये स्टोनी क्रीक या वसाहतीतील घरांत पाणी शिरले. तेथील अनेक घरे शासकीय नकाशावरील पूरक्षेत्राबाहेर होती, म्हणून त्यांच्या मालकांनी पुराचा विमा उतरवलेला नव्हता, आणि कर्ज देणाऱ्या बँकेनेही तो मागितला नव्हता.

इथे नकाशाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. फेमा ही संघराज्याची आपत्ती व्यवस्थापन संस्था पूरनकाशे काढते. एई आणि व्हीई ही जोखमीची क्षेत्रे. एक्स हे तुलनेने कमी जोखमीचे. जोखमीच्या क्षेत्रात दरवर्षी पूर येण्याची शक्यता किमान एक टक्का मानली जाते. एक टक्का म्हणजे शंभर वर्षांतून एकदा, असे आपण सहज म्हणून टाकतो. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ती शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे जवळपास चारात एक होते. दुसरे असे की हे नकाशे मुख्यतः नद्या, ओढे आणि समुद्राची भरती यांचा विचार करून काढलेले असतात. थोड्या वेळात प्रचंड पाऊस पडून निचरा न झाल्याने साचणारे पाणी त्यांत नीट दिसत नाही. आणि ज्या जंगलाने कालपर्यंत पाणी शोषले तिथे आज छपरे आणि डांबर आहे, हे तर जुन्या नकाशाला ठाऊक असण्याचे कारणच नाही. त्यामुळे ‘घर एक्स क्षेत्रात आहे, पुराचा विमा लागत नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य बँकेपुरते खरे असते. पाण्यापुरते नव्हे.

आता १६ सप्टेंबर २०२४ कडे वळू. त्या दिवशी किनाऱ्याजवळ जी प्रणाली होती तिला वादळाचे नाव मिळण्याइतका घट्ट आकारच आला नाही. हवामान खात्याच्या कागदांत ती ‘संभाव्य उष्णकटिबंधीय चक्रीवादळ आठ’ एवढ्याच ओळखीने राहिली. पण कॅरोलिना बीचला बारा तासांत सुमारे १८ इंच, म्हणजे साडेचारशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, आणि ब्रन्सविक काउंटीत अनेक रस्ते वाहून गेले. काउंटीचा कणा असलेला महामार्ग १७ ठिकठिकाणी तुटला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. ज्यांनी तो दिवस मुंबईत काढला त्यांना त्याच्या निम्मा पाऊस अर्ध्या दिवसात म्हणजे काय, याची कल्पना येईल.

या अनामिक वादळाचा विम्याशी एक विचित्र संबंध आहे. किनारी काउंट्यांतील विमापत्रांत बहुधा ‘नामांकित वादळ’ असे वेगळे कलम असते. एरवी नुकसानभरपाई मागताना आपण आधी हजार-दोन हजार डॉलर स्वतः भरतो. वादळाला नाव असेल तर ही रक्कम घराच्या विमा मूल्याच्या टक्केवारीने ठरते. चार लाखांच्या विम्यावर दोन टक्के म्हणजे आठ हजार डॉलर. वादळाला नाव नसेल तर हे कलम लागू होत नाही. पण त्या दिवशी नुकसान झाले ते पाण्याने, आणि साध्या गृहविम्यात पुराचा समावेश कुठल्याच वादळात नसतो, नाव असो वा नसो.

म्हणजे न्यू जर्सीच्या अंतर्भागात एका विमापत्रावर भागत होते, तिथे लेलंडमध्ये तीन लागू शकतात. पहिला नेहमीचा गृहविमा. दुसरा वारा आणि गारांचा: राज्यातील १८ किनारी काउंट्यांत खासगी कंपन्या अनेकदा वाऱ्याची जोखीम विमापत्रातून वगळतात, आणि ती मग ‘नॉर्थ कॅरोलिना इन्शुरन्स अंडररायटिंग असोसिएशन’ या कायद्याने उभारलेल्या सामायिक निधीकडून वेगळी विकत घ्यावी लागते. तिसरा पुराचा. तो बहुधा १९६८ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय पूरविमा योजनेतून मिळतो. त्यात इमारतीला कमाल अडीच लाख आणि सामानाला कमाल एक लाख डॉलरचे संरक्षण आहे. हा विमा सामान्यतः उतरवल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो. कर्जव्यवहार पूर्ण होताना घेतला तर प्रतीक्षेचा काळ नसतो. वादळ कॅरिबियनमध्ये दिसल्यावर विमा एजंटला फोन करणाऱ्यांसाठी हे ३० दिवस आहेत. २०२१-२२ पासून या योजनेचे दर केवळ क्षेत्रावर न ठरता प्रत्येक घराचे पाण्यापासूनचे अंतर, पायाची उंची आणि पुनर्बांधणीचा खर्च पाहून ठरतात. म्हणून शेजाऱ्याचा हप्ता विचारून उपयोग नाही. नेमक्या पत्त्याचा दर मागावा.

गृहविम्याच्या दरांची दिशाही लक्षात घ्यावी. नॉर्थ कॅरोलिनात विमा कंपन्यांच्या वतीने ‘रेट ब्यूरो’ दरवाढ मागतो आणि राज्याचे निर्वाचित विमा आयुक्त ती मान्य वा अमान्य करतात. जानेवारी २०२४ मध्ये ब्यूरोने राज्यभर सरासरी ४२.२ टक्के आणि ब्रन्सविकसह काही काउंट्यांच्या थेट समुद्रकाठच्या भागात ९९.४ टक्के वाढ मागितली होती. वर्षभराच्या वादानंतर तडजोड झाली ती जून २०२५ मध्ये सरासरी साडेसात टक्के आणि जून २०२६ मध्ये पुन्हा साडेसात टक्के अशी. ग्राहकाला दिलासा मिळाला खरा. पण कंपन्यांना खरा दर काय हवा आहे, तेही त्या मागणीतून उघड झाले. शिवाय ग्राहकाने संमती दिली तर कंपनी ब्यूरोच्या दरापेक्षा कितीतरी अधिक दर लावू शकते, अशी तरतूद आहे. नूतनीकरणाच्या पाकिटातील ते ‘संमती’चे पत्र आपण बहुधा न वाचताच सही करून पाठवतो.

आकाशातील पाण्याइतकाच नळातील पाण्याचा प्रश्न आहे. जून २०१७ मध्ये विल्मिंग्टनच्या ‘स्टारन्यूज’ या दैनिकाने उघड केले की नदीच्या वरच्या अंगाला फेएटव्हिलजवळच्या केमूर्स कंपनीच्या कारखान्यातून जेनएक्स हे रसायन वर्षानुवर्षे केप फिअर नदीत जात होते आणि नेहमीच्या शुद्धीकरणातून ते निघत नव्हते. (हा कारखाना पूर्वी डुपाँटचा, केमूर्स २०१५ मध्ये वेगळी झाली.) न चिकटणाऱ्या भांड्यांच्या लेपासारखी उत्पादने करताना वापरल्या जाणाऱ्या, निसर्गात सहजी न विघटणाऱ्या पीफास रसायनांच्या कुटुंबातील हे एक. २०१९ मध्ये राज्य शासन, केप फिअर रिव्हर वॉच ही नागरी संस्था आणि कंपनी यांच्यात न्यायालयीन संमती आदेश झाला. विल्मिंग्टनच्या जलसंस्थेने २०२२ मध्ये सक्रिय कोळशाची मोठी गाळणयंत्रणा सुरू केली. ब्रन्सविक काउंटीने आपल्या नॉर्थवेस्ट केंद्रात रिव्हर्स ऑस्मोसिस बसवण्याचे काम हाती घेतले. ते मूळ वेळापत्रकापेक्षा बरेच लांबले.

लेलंडमध्ये या प्रश्नाला आणखी एक गाठ आहे. गावात एकच जलपुरवठादार नाही. काही वसाहतींना काउंटीचे नदीचे पाणी येते, तर काहींना ‘एच-टू-गो’ या स्थानिक जलमंडळाचे. या मंडळाने बराच राजकीय आणि न्यायालयीन संघर्ष करून खोल भूजलावर चालणारे स्वतःचे रिव्हर्स ऑस्मोसिस केंद्र उभारले. तेव्हा पत्ता दाखवून ‘पाणी कोणाचे?’ हा प्रश्न विचारावाच, आणि त्या पुरवठादाराचा ताजा पीफास अहवाल मागून घ्यावा. तो सार्वजनिक असतो. स्वयंपाकघरातील नळाला घरगुती रिव्हर्स ऑस्मोसिसची गाळणी बसवणे हा कमी खर्चाचा उपाय आहे, आणि लहान मुले असलेल्या घरी तो पुरवठादार कोणीही असला तरी करावा असे माझे मत आहे.

करांचे प्रकरण त्या मानाने सरळ. न्यू जर्सीत घरपट्टीच्या देयकाची राज्यव्यापी सरासरी २०२४ मध्ये दहा हजार डॉलरच्या वर गेली. लेलंडमध्ये काउंटी आणि गाव मिळून दर शंभर डॉलरच्या मूल्यांकनाला साधारण अर्धा ते पाऊण डॉलर धरला तर चार लाखांच्या घराला दोन ते तीन हजार डॉलर होतात. खरी बचत हीच. आयकरात मात्र समजतात तेवढा फरक नाही: नॉर्थ कॅरोलिनाचा एकच दर आहे, २०२५ साठी ४.२५ टक्के आणि २०२६ साठी ३.९९ टक्के; न्यू जर्सीचे दर चढत्या पायऱ्यांचे असल्यामुळे दोन लाख डॉलर उत्पन्नाच्या जोडप्याला बदलाने वर्षाकाठी दोन हजारांहून कमीच वाचतात. उलट नॉर्थ कॅरोलिनात मोटारीवर दरवर्षी मालमत्ता कर असतो. नोंदणीच्या नूतनीकरणाचे पहिले देयक हातात पडल्यावर जर्सीकर दचकतो. नोकरी न्यू यॉर्कच्या कार्यालयातील असेल आणि आपण सोयीसाठी घरून काम करत असाल, तर न्यू यॉर्क त्या वेतनावर कर लावतच राहते. राज्य सोडले म्हणून तो नियम सुटत नाही.

यापुढचा भाग विशेषतः एच-१बी व्हिसावरील वाचकांसाठी आहे, आणि त्यातील चूक विम्याच्या चुकीपेक्षा महाग पडते. ‘काम घरूनच आहे, लॅपटॉप काय एडिसनमध्ये आणि काय लेलंडमध्ये’ असे म्हणून अनेक जण आधी घर बदलतात आणि नंतर मनुष्यबळ विभागाला कळवतात. व्हिसाच्या दृष्टीने मात्र जिथे बसून आपण काम करता ते घर हेच कार्यस्थळ. २०१५ च्या ‘सिमेओ सोल्युशन्स’ निर्णयापासून नियम स्पष्ट आहे: नवे कार्यस्थळ जुन्या महानगर क्षेत्राबाहेर असेल तर कंपनीने त्या ठिकाणासाठी नवा श्रमविषयक अर्ज, म्हणजे एलसीए, मंजूर करून घ्यावा आणि आपण तिथे काम सुरू करण्यापूर्वी सुधारित एच-१बी याचिका दाखल करावी. स्थानिक प्रचलित वेतनाची तुलना या अर्जात क्षेत्रागणिक होते. गंमत अशी की ब्रन्सविक काउंटी २०१३ पासून दहा वर्षे सांख्यिकीय दृष्ट्या विल्मिंग्टनमध्ये नव्हती, तर शेजारच्या राज्यातील मर्टल बीचच्या महानगर क्षेत्रात मोजली जात होती. २०२३ च्या फेररचनेत ती पुन्हा विल्मिंग्टनला जोडली गेली. म्हणून जुन्या सहकाऱ्याच्या अर्जाची नक्कल करू नये. एलसीएची सूचना कार्यस्थळी ठळक जागी लावावी लागते. घरूनच काम असेल तर ती आपल्याच घरात, कुणाच्या फ्रिजवर तर कुणाच्या जिन्यापाशी लागते. तिकडे घरात येणारे पाहुणे कुतूहलाने बघतात, पण ती लावलीच पाहिजे. पत्ता बदलल्यापासून दहा दिवसांत एआर-११ द्वारे कळवणेही आवश्यक आहे, आणि ते एच-४ वरील पत्नी वा पती आणि मुलांनाही लागू आहे.

ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांनी अधिक सावध राहावे. पर्म ही श्रम प्रमाणनाची पायरी विशिष्ट क्षेत्रातील नोकरीशी बांधलेली असते. कायमची नोकरीच नव्या ठिकाणी हलली तर कंपनीला पर्म आणि आय-१४० पुन्हा करावे लागण्याची शक्यता असते. आधीचा आय-१४० मंजूर असेल तर रांगेतील जुनी तारीख साधारणपणे टिकते, हा दिलासा; पण नवा पर्म करण्याची कंपनीची तयारी आहे का, हे घराच्या करारावर सही करण्यापूर्वी लेखी विचारावे. ‘चालेल, काही अडचण नाही’ हे व्यवस्थापकाचे तोंडी आश्वासन या कामी उपयोगाचे नसते. उत्तर कंपनीच्या वकिलाकडून यावे.

अंतरे ही आणखी एक बाब. ब्रन्सविक काउंटीत आशियाई लोकसंख्या एका टक्क्याच्या आसपासच आहे. कॅरीतील श्री वेंकटेश्वर मंदिर, मॉरिसव्हिलची भारतीय दुकाने, मराठी मंडळींची वर्दळ हे सारे रालेच्या परिसरात, महामार्ग ४० ने दोन-सव्वादोन तासांवर. (मॉरिसव्हिलची जवळजवळ निम्मी लोकसंख्या आशियाई आहे, दोन्ही गावे एकाच राज्यात आहेत यावर विश्वास बसत नाही.) विल्मिंग्टनच्या विमानतळावरून भारताकडे थेट काही नाही, आई-वडिलांना शार्लट, अटलांटा किंवा तत्सम ठिकाणी विमान बदलावे लागते, किंवा रालेला उतरवून गाडीने आणावे लागते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला अठरा तासांच्या प्रवासानंतरचा तो शेवटचा टप्पाच जड जातो. शाळा न्यू जर्सीप्रमाणे गावागणिक नाहीत, संपूर्ण काउंटीचे एकच शालेय प्रशासन आहे. त्यामुळे ‘चांगल्या गावात घर’ हे जर्सीतील सूत्र इथे तसेच लागू पडत नाही, शाळेची हद्द पाहावी लागते, आणि वेगाने वाढणाऱ्या भागात ती हद्द बदलतेही. मूल नववी-दहावीत असेल तर एक गोष्ट जमेची: राज्यात १२ महिने वास्तव्य सिद्ध झाले की राज्य विद्यापीठांत निवासी शुल्काचा दावा करता येतो, आणि चॅपल हिलसारख्या ठिकाणी बाहेरच्या राज्यांतील विद्यार्थ्यांच्या जागा मर्यादित असल्याने प्रवेशातही निवासी असण्याला वजन आहे.

विल्मिंग्टनला रोज जायचे असेल तर केप फिअर मेमोरियल पूल पाहून घ्यावा. १९६९ चा हा उचलता पूल. जहाज आले की मधला भाग वर जातो आणि वाहने थांबतात. २०२४ च्या पूर्वार्धात दुरुस्तीसाठी त्याच्या मार्गिका बंद ठेवल्या तेव्हा लेलंडकरांनी कित्येक महिने उत्तरेकडून वळसा घातला. नव्या पुलासाठी संघराज्याने जुलै २०२४ मध्ये २४.२ कोटी डॉलरचे अनुदान जाहीर केले आहे; उरलेला पैसा पथकरातून उभा करावा का, हा तिथे तापलेला वाद आहे.

शेवटी खरेदीची पद्धत. न्यू जर्सीत करारावर सही झाल्यावर वकिलांकडून तपासणीसाठी तीन दिवस मिळतात आणि त्या मुदतीत माघार घेता येते. नॉर्थ कॅरोलिनात ‘ड्यू डिलिजन्स’ शुल्क असते. करार होताच ही रक्कम थेट विक्रेत्याच्या हाती जाते आणि आपण माघार घेतली तर सामान्यतः परत मिळत नाही. त्या बदल्यात ठरलेल्या तारखेपर्यंत कोणत्याही कारणासाठी व्यवहार मोडण्याची मुभा मिळते. तिन्ही विम्यांचे लेखी दर, पाण्याचा अहवाल, एचओएचा राखीव निधी आणि कंपनीच्या वकिलाचे उत्तर हे सारे त्या तारखेच्या आत हाती आले पाहिजे. खरे तर शुल्क भरण्याच्याही आधी. जुलै २०२४ पासून विक्रेत्याला घराच्या पूर-इतिहासाविषयीच्या प्रश्नांची उत्तरे राज्याच्या प्रपत्रात द्यावी लागतात. मात्र त्याबाबत कोणतेही निवेदन न करण्याचा पर्याय निवडण्याची मुभा त्याला आहे, म्हणून पूर्वीच्या विमा दाव्यांची नोंद त्याच्याकडून वेगळी मागावी. नवे घर थेट बिल्डरकडून घेत असाल तर करार बिल्डरचा स्वतःचा असतो आणि त्यात अशी माघारीची मुदत बहुधा नसते. तो वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

आणि पाहायला कधी जावे? बिल्डर एप्रिलमध्ये बोलावतात. विल्मिंग्टनमध्ये त्या दिवसांत अझेलियाचा उत्सव असतो, हवा सुरेख असते आणि तळी काठोकाठ निळी असतात. आपण सप्टेंबरच्या उत्तरार्धात जावे. अनंत चतुर्दशीनंतर पितृपक्ष लागतो; आपल्याकडे त्या पंधरवड्यात एरवीही कोणी घराचा व्यवहार करत नाही, त्यामुळे सहीची घाई होणार नाही. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी वसाहतीत चालत फिरावे, तळ्याचे पाणी काठापासून किती खाली आहे आणि रस्त्याच्या कडेची गटारे वाहत आहेत की तुंबली आहेत ते पाहावे, सकाळी साडेसातला एकदा पूल ओलांडून पाहावा, आणि कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एखाद्या निवृत्त गृहस्थाला विचारावे की २०२४ च्या त्या सोमवारी पाणी कुठपर्यंत आले होते. ते हाताने दाखवतात.